दोऱ्यासकट

नावेचं इंजिन कारखान्यात कसं गुणी बाळासारखं चालायचं, आणि गंगेत उतरलं की बनारसच्या भोसले घाटासमोर, ऐन गर्दीत, रुसून बसायचं. नावाडी ते दुरुस्तीला पाठवताना आधी उघडून, धुऊन-पुसून, वर टिळा लावून पाठवत. त्यामुळे दुखणं काय ते कुणालाच कळेना.

ते शोधायला कारखान्यातल्या इंजिनिअर अवनीने इंजिन तपासायचा नवा टेस्ट बेंच बांधला होता. मोठी टाकी, तिच्यात गंगेचंच पाणी, आणि ते पाणी पंपाने ओढून थंड राहणारं इंजिन. पण बिघाड काही होईना. पुण्याहून आलेले तिचे साहेब, श्रीनिवास गोडबोले, वैतागले. "शुक्रवारपर्यंत इथं बिघाड दाखवा, नाहीतर बेंच मोडीत." अवनीला अन्न गोड लागेना.

मग तिच्या डोक्यात आलं, नदीत फुलं असतात, टाकीत कुठे आहेत? फुलांना काय तोटा! तिचे वडील वेणीमाधवशास्त्री दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरोघरचं निर्माल्य गोळा करत. त्यांनी पोतंभर फुलं दिली, पण बजावून: "अवने, पाय लागता कामा नये. निर्माल्य आहे, कचरा नव्हे."

फुलं टाकीत पडली आणि इंजिन दिवसभर मजेत गुणगुणत राहिलं. गोडबोले साहेब नुसते हसले. उद्या शुक्रवार. बनारसमध्ये जन्मून आपण झेंडूपुढे हरलो, या विचाराने अवनीला रडूच आलं.

संध्याकाळी घरी येते तर बाबा दारात बसून माळांमधले दोरे उपसतायत. फुलं पोत्यात, दोरे डब्यात. गंगामाईच्या पोटात सूत जाऊ नये, मासे अडकतात, म्हणून त्यांचा हा नेम.

अवनी बघतच राहिली. "बाबा, आप भी ना! मला पण दोरे काढूनच दिलीत?"

"मग? तशीच देतात होय?"

"अहो, सारा गाव तशीच टाकतो!"

शास्त्रीबुवांचा चेहरा पडला. पण मुलीची मेहनत मोडीत निघतेय म्हटल्यावर सकाळी ते स्वतःच धोतर खोचून अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि तिच्या बरोबरीने भिजलेल्या माळा ओढू लागले. दोऱ्यासकट.

त्या माळा टाकीत गेल्या. थोड्याच वेळात तापमानाचा काटा वर सरकला, इंजिन खोकलं, धापा टाकत बंद पडलं. आणि अवनी चक्क नाचली! आग लागली की काय म्हणून लोक धावत आले. साहेबांनी स्वतः पंप उघडला. आत दोऱ्यांचा हा एवढा गुंता.

"बेंच राहणार," ते म्हणाले. "आता पाणी आणखी घाण करा."

अवनीने लगेच घरी फोन लावला. "बाबा, बंद पडलं!"

"बंद पडलं?" शास्त्रीबुवा आनंदाने गल्लीत ओरडले, "अहो, अवनीचं इंजिन बंद पडलं!"

शेजारीपाजारी बिचारे सांत्वनाला धावले, तर बुवा दारात उभे राहून पेढे वाटत होते.