डॉलीच्या वाट्याचा गुर्दा

एफीचं मनगट एप्रिलमध्ये मोडलं, अंगणातल्या बर्फावर पाय घसरून. आता सप्टेंबर उजाडला, नदीकाठची वाळुंजाची झुडपं पिवळी पडली, तरी दवाखान्यातल्या पडद्यावर हाडाचे दोन तुकडे एकमेकांकडे पाठ करून बसले होते, रुसलेल्या जावांसारखे.

"साधं सांग," एफी म्हणाली. "जुळणार की नाही? चौकटीवरचं कातडं तसंच वाळत पडलंय."

मॉरीन नर्स दक्षिणेकडची. पण गावात सहा वर्षं टिकली होती, म्हणून तिला कातड्याचं महत्त्व ठाऊक होतं. एफीची थोरली बहीण डॉली जाऊन दोन हिवाळे झाले होते. येत्या जूनमध्ये तिच्या थडग्यावर दगड बसायचा. डॉली आणि एफी लांडगा कुळाच्या. कबर खणली ती कावळा कुळातल्या चौघांनी, रीतीप्रमाणे. दगड बसेल त्या दिवशी त्या चौघांना एकेक जोडी पायताण द्यायचं, मूसच्या, म्हणजे इथल्या रानातल्या घोड्याएवढ्या हरणाच्या, कातड्याचं, घरी खरवडून, धुरी देऊन, मणी टाचून. दुकानातलं दिलं तर चौघं हसून घेतील आणि मग वीस वर्षं गाव हसेल. कातडं कमावणारी लांडग्यांत आता एफीच उरली होती, आणि तिच्या उजव्या हातात चहाचा कप ठरत नव्हता.

"रक्ताचे आणि लघवीचे निकाल आलेत," मॉरीन म्हणाली. "तुमच्या अंगात कॅडमियम नावाचा धातू साठलाय. त्याने तुमची मूत्रपिंडं थकलीत. ती थकली की हाडाचं कॅल्शियम लघवीवाटे वाहून जातं. हाड विरळ होतं आणि मोडलेलं लवकर जुळत नाही."

"वरच्या खाणीतून आला ना?" एफीने जवळजवळ आशेनेच विचारलं. त्या खाणीवर ती तीस वर्षं चिडून होती. त्यात आणखी एक राग सहज मावला असता.

"नाही आजी. पाहून झालंय ते. इथला बराचसा दगडामातीतच आहे, आधीपासूनचा. वाळुंज तो शोषून घेतं, मूस वाळुंज खातो, आणि तो मूसच्या गुर्द्यात साठतो. मूस जितका म्हातारा तितका जास्त. मांस खा तुम्ही, हवं तेवढं. नळ्यांचा रस्सा खा. फक्त गुर्दा नको." एफीच्या कोटाच्या खिशाकडे पाहून ती म्हणाली, "तुमच्या सिगारेटीतूनही येतो."

एफीने कोटाच्या खिशातला हात बाहेर काढला.

"आणि तुमच्या बोटांची ती दहा वर्षांची सूज. तीही हाड खाते. हाडात एक टोळी पाडणारी असते, एक बांधणारी. सूज पाडणाऱ्यांना झोपू देत नाही."

"पण पडले तेव्हा तूच म्हणालीस, सूज आली ते बरं झालं, जुळणं तिथूनच सुरू होतं."

"ती पहिल्या दिवसांतली. येते, काम करते, जाते. तुमची जातच नाही."

"म्हणजे सूज चांगली की वाईट?"

मॉरीनने विचार केला. "दोन्ही."

"मग माझं हाड कोणी अडवलंय? सूज, सिगारेट, गुर्दा की माझं वय?"

"सगळ्यांनी थोडं थोडं. कोणी किती, ते मलाच काय, कोणालाच नक्की सांगता येणार नाही."

एफी घरी निघाली. डोक्यात सगळं एकत्र ढवळून निघालं होतं. गुर्दा म्हणजे मूसमधला सगळ्यात मऊ, सगळ्यात मानाचा घास. तो म्हाताऱ्यांचा. एफीचं हाड जुळत नाही असं गावात कळलं, तेव्हापासून ज्याने त्याने आपल्या फ्रीजरमधला गुर्दा काढून तिच्या दारात आणून दिला होता. "खा मावशी, ताकद येईल." सात आले. सातही तिने कांद्यावर परतून, ताट पुसून खाल्ले. हाड जुळेना म्हणून गुर्दे यायचे, आणि गुर्दे येत म्हणून हाड... इथे तिचा विचार अडखळे. कारण हाड मोडलं ते काही त्या सातांनी नव्हतं. ती तर सत्तर वर्षं खात आली होती.

दुकानाच्या कोपऱ्यावर ती एकदम थांबली.

डॉलीचा खुबा. डॉली ट्रकमधून खाली उतरत होती, बस्स. लोक म्हणाले, पडली आणि मोडला. एफी शेजारीच होती. तिला आधी कट्टकन आवाज ऐकू आला होता आणि मग डॉली पडली होती. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. आणि डॉलीचा मुलगा लॉर्न वीस वर्षं दर मूसचा गुर्दा आधी आईच्या हातात ठेवत आला होता. आई गेल्यावर तो वाटा मावशीकडे आला.

"हे त्याला कळता कामा नये," एफी मोठ्याने म्हणाली. दुकानाच्या पायरीवरचं कुत्रं उठून बाजूला झालं.

घरी पोचते तो लॉर्नचा ट्रक दारात. शेहेचाळीस वर्षांचा धिप्पाड गडी, बाह्यांवर रक्त, हातात पिशवी.

"मावशी! यंदाचा पहिला. शिंगं बघितलीस तर घाबरशील. म्हातारा बेटा, हुशार होता."

"म्हातारा?" एफीने पिशवीकडे पाहिलं.

"तुझ्याएवढा."

"मग चिवट असेल."

"तुझ्याएवढाच," म्हणून त्याने पिशवी पुढे केली.

नको म्हणायची सोय नव्हती. मूसने आपण होऊन दिलेला घास नाकारला, तर पुढे तो कोणा शिकाऱ्यासमोर उभा राहत नाही, असं सगळे मानत. आणि नको म्हटलं की लॉर्न विचारणार, का? त्या 'का'च्या मागे डॉलीचा खुबा उभा होता. एफीने पिशवी डाव्या हाताने घेतली. मग काय सुचलं तिचं तिलाच कळेना.

"चूल नको. बाहेर आग कर. हा तुझ्या आईला देऊ या. तिच्या दगडाचं वर्ष आहे."

गेलेल्यांना आगीतून जेवायला घालणं घरोघरी होतं. पण कोणी अख्खा गुर्दा घालत नसे. कातडं ताणून बांधलेल्या चौकटीजवळ लॉर्नने लाकडं रचली. एफीने गुर्दा निखाऱ्यावर ठेवला, वर चिमूटभर चहा टाकला. चरबी तडतडली. वास इतका खमंग सुटला की तिच्या तोंडाला पाणी आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"आई म्हणाली असती, करपवलास," लॉर्न म्हणाला.

"ती कशालाही तेच म्हणायची."

तो काठीने निखारे सारू लागला. मग खालमानेने म्हणाला, "मॉरीनने सांगितलं ना तुला? गुर्द्याचं."

एफीने आणखी एक लाकूड आगीत सारलं.

"शिकाऱ्यांच्या बैठकीत पत्रक वाटलं होतं, पाच वर्षांपूर्वी. मी आईला वाचून दाखवलं. म्हणाली, वाचून झालं असेल तर चाकू आण." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "मी आणला. मावशी, खुबा त्यानेच मोडला का?"

दुकानापासून घरापर्यंत तिने हाच प्रश्न लपवत आणला होता, आणि तो त्याच्याकडे आधीपासूनच होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मॉरीनलाही नाही. डॉली सिगारेटी ओढायची. वय होतं. गुडघे सुजलेले असायचे. सगळ्यांचं थोडं थोडं, म्हणते ती."

"माझंही थोडं."

"तुझंही असेल. चाकू तिने मागितला होता, तेही धर."

लॉर्नने मान हलवली. पटलं म्हणून की नाही, कळलं नाही.

"मग गाढवा, मला का आणत राहिलास?"

"बंद केलं असतं तर तू विचारलं असतंस, का. मग आईचं निघालं असतं. आणि तू तरी कुठे कधी नको म्हणालीस?"

एफीला रागवायचं होतं. कोणावर, ते ठरेना. हात पुन्हा खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर गेला. तिने ते काढलं नाही, फेकलंही नाही. उठली, चौकटीला टांगलेलं, कातडं खरवडायचं मूसच्या नळीच्या हाडाचं हत्यार काढलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं.

"हे बायकांचं काम आहे," लॉर्न घाबरून म्हणाला. "कावळे हसतील."

"जूनपर्यंत हसू देत. आधी पाणी मार, मऊ होऊ दे. मग वरून खाली."

तो कातड्यासमोर उभा राहिला आणि अंदाजाने, भीत भीत खरवडू लागला.

"बायकोला कुरवाळतोयस का? जोर लाव!"

त्याने जोर लावला. पहिली पांढरी साल सुटून खाली पडली. त्याच्या प्रत्येक ओढीबरोबर एफीचा झोळीतला हात आपोआप हलत होता, आणि मनगटात बारीक कळ येत होती. ही कळ जुळण्याची की मोडण्याची, ते तिला ओळखता येईना. उद्या मॉरीनला विचारायचं, तिने ठरवलं. आणि मॉरीन "दोन्ही" म्हणाली, तर तिला इथे आणून खरवडायला बसवायचं.