उभी चिरलेली किटली

परीक्षक म्हणून वानयिंग आत आली तेव्हाच शुहेनं ओळखलं, आज आपली धडगत नाही.

दोघी एकाच गुरूच्या हाताखाली चहाच्या मातीच्या किटल्या घडवायला शिकल्या. वानयिंग थोरली, म्हणून शुहे तिला ताई म्हणायची. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं आणि शुहे खरं ते बोलून गेली: ताई साच्यात दाबून काढते आणि हातची म्हणून विकते. दिंगशूसारख्या कुंभारगावात असली गोष्ट झाकून राहत नाही. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

परीक्षा कारागिराची पायरी वाढवणारी. सगळ्यांदेखत, मातीच्या गोळ्यापासून आख्खी किटली घडवायची. शुहेनं जांभळी माती थापीनं ठोकून पातळ पट्टी केली, ती वळवून सांधली, आतून बोटं टेकवत, बाहेरून थापी मारत पोट गोल आणलं. मग तोटी, कान, झाकण.

वानयिंग घटकेघटकेला मागं येऊन उभी राहायची.

"हात थरथरतोय गं तुझा. साचा घरी विसरलीस वाटतं?"

"साचे तुझ्याकडे, ताई. माझ्या घरात ठेवायला जागा नाही."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. वानयिंगचा चेहरा लालबुंद झाला.

दुपारी किटली पुरी झाली. वानयिंगनं ती उचलून फिरवली आणि उरलेल्या दोन परीक्षकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सांध्याकडं भिंत जाड आहे. वरून गुळगुळीत, आतून गोंधळ. मी पास करणार नाही."

"आत न बघताच कळलं?"

"तीस वर्षं माती मळलीय मी. बोटांना कळतं."

शुहेच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं पातळ सुरी घेतली आणि ती ओली किटली बरोबर सांध्यावरून उभी चिरली. म्हातारे परीक्षक हांग वाकले, दोन्ही अर्ध्या भागांच्या कडांवर मोजपट्टी लावत गेले.

"सगळीकडं सारखी आहे," ते म्हणाले. "केसाचाही फरक नाही."

"आता तू घडव एक, ताई. इथंच, या खुर्चीवर."

"मी परीक्षक आहे. आणि मार्क कशाला देऊ, या फोडींना? किटली कुठाय?"

अख्खी किटली नसेल तर मार्क नाहीत, हा नियम तिच्याच बाजूनं होता. हांग चष्मा पुसत बसले. यादी लागली, तीत शुहेचं नाव नव्हतं.

पंधरा दिवसांनी शेवयांच्या दुकानात शुहेला एकच जागा रिकामी दिसली, वानयिंगच्या समोरची. ती सरळ जाऊन बसली.

"पुढच्या वर्षीही परीक्षक मीच आहे," वानयिंग वाडग्यातून मान वर न करता म्हणाली.

"असशील. मीही येणार आहे."

शुहेनं शेवया मागवल्या. वानयिंगचा वाडगा केव्हाच रिकामा झाला होता, पण ती उठेना. आधी कोण उठतं, तेवढंच दोघी बघत होत्या.