कवळीचं माप

माझ्या मूत्रपिंडातल्या कॅन्सरच्या गाठीची जनुकीय तपासणी झाली. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "साधारण दोन वर्षं. पण हा नुसता अंदाज आहे, काका."

दुसऱ्याच दिवशी माझ्या मुलाने, सुबोधने, कवळीचं माप द्यायची माझी अपॉइंटमेंट परस्पर रद्द केली.

"आता कशाला बाबा तो त्रास?"

माझं डोकंच फिरलं. "मग दोन वर्षं काय पेज पीत काढू? घरात सुरमई तळलीत की नुसता वास घेत बसू?"

"तसं नाही हो बाबा..."

"तसंच आहे! डॉक्टरांनी दोन वर्षं तरी दिली. तू एका रात्रीत संपवलंस रे मला. लाव फोन त्या घाटकोपरच्या दातवाल्याला. सांग, बाप अजून जेवतो."