पाच फ्लॉप्या

दुरुस्तीवाला लहानपणी अडखळत बोलायचा. वय वाढलं तसं ते बरंचसं गेलं, पण घाई झाली किंवा घाबरला की पहिलं अक्षर तीन-चारदा यायचंच. पहिली नोकरी लागली ती पोर्टेबल कॉम्प्युटर भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात. शिवणयंत्राच्या पेटीएवढं एकेक मशीन, वर उचलायला मूठ, बाजूला फ्लॉपीची खाच. पहिल्याच आठवड्यात मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हा बोलायला लागला की ड्राइव्हचं हेड अडकल्यासारखं वाटतं. टक, टक, टक."

सगळे हसले. तोही हसला. नाव पडलं ते पडलंच. अकरा वर्षं तो टकटक होता. चहावाला टकटक म्हणायचा, पगाराच्या खिडकीतली बाई टकटक म्हणायची. लग्नाला आलेल्या सहकाऱ्यांनी ते सासऱ्यांच्या कानावर घातलं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सासरे गमतीने म्हणाले, "या टकटकराव." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढे कंपनी बंद पडली. त्याने स्वतःचं दुकान टाकलं. जुनी मशीनं जिवंत करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून हौशी लोक लांबून शोधत यायचे. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

सव्वीस वर्षांनी एका सकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना मोठे साहेब दारात आले. अंगाने निम्मे झालेले, मागे चाकांच्या पिशवीत ती पेटी.

"अरे टकटक! ओळखलंस का?"

गिऱ्हाइकांपैकी एक गालातल्या गालात हसला. दुरुस्तीवाल्याने दोघांना वाटेला लावलं आणि साहेबांना खुर्ची दिली.

साहेब त्याला भेटून मनापासून खूश झाले होते. जुन्या माणसांच्या आठवणी झाल्या, कोण गेलं, कोण आहे, ते झालं. मग ते कामावर आले. त्यांची पत्नी वीसेक वर्षांपूर्वी वारली होती; शेवटची दोन वर्षं तिला दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी ती सांगायची आणि साहेब या मशीनवर टाइप करायचे. तिचं लहानपण, माहेरचं घर, बहिणी, शाळेतली भांडणं.

"आयुष्यात तिचं एवढं कधी ऐकून घेतलं नव्हतं मी," साहेब म्हणाले. "आता माझंच डोकं चालेनासं झालंय. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. परवा तिच्या धाकट्या बहिणीचं नाव आठवेना. म्हटलं, सगळं विसरायच्या आत एकदा वाचून घ्यावं."

मशीन सुरू करणारी सिस्टिम फ्लॉपी घर बदलताना हरवली होती. बाकीच्या पाच त्यांनी रुमालात बांधून आणल्या होत्या. डिंक सुकून चिकटवलेले कागद कधीच गळून पडले होते. कुठल्या फ्लॉपीवर काय आहे, सांगता येत नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली. ड्राइव्हचा रबरी पट्टा वितळून काकवीसारखा झाला होता. त्याने तो खरवडून काढला, नवा घातला, हेड स्पिरिटने पुसलं. सिस्टिमची प्रत त्याच्या आजच्या कॉम्प्युटरवर होती. ड्राइव्ह त्या कॉम्प्युटरला जोडायची पट्टी त्याने स्वतःच बनवली होती. आता फक्त कोरी फ्लॉपी हवी होती. या मापाच्या फ्लॉप्या बनणं बंद होऊन जमाना झाला होता, पण एका बंद गोदामातून आणलेली दहांची डबी त्याच्या खालच्या खणात होती. त्याने खणाच्या मुठीला हात घातला.

"लागू दे वेळ लागला तर," साहेब म्हणाले. "तुझं सगळंच अडखळत, काय टकटक?" आणि ते मोकळेपणाने हसले.

त्याने हात मागे घेतला.

"साहेब, या फ्लॉप्या आता मिळत नाहीत," तो म्हणाला. "सिस्टिम लिहायची तर यातलीच एक पुसावी लागेल."

साहेबांचं हसू मावळलं. "पुसायच्या आधी आत काय आहे ते बघता येणार नाही?"

"नाही. ते या मशीनवरच दिसतं, आणि मशीन सुरू व्हायला सिस्टिम लागते."

एकही अक्षर अडकलं नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं. पाचही फ्लॉप्यांची जशीच्या तशी नक्कल उतरवून ठेवायला त्याला अर्धा तास पुरला असता.

साहेबांनी फ्लॉप्या टेबलावर मांडल्या. एक उचलली, ठेवली. दुसरी कानाशी नेऊन हलवली, जणू आतून कोणी बोलणार होतं. शेवटी एक पुढे सरकवली. "ही घे."

ड्राइव्ह फिरू लागला. पडद्यावर एकेक रकाना भरत गेला आणि काम बिनचूक पूर्ण झाल्याची ओळ उमटली. पडदा त्याच्या बाजूला होता. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं त्याला. त्याने फ्लॉपी बाहेर काढली.

"वाया गेली. वरचा थर गेलाय हिचा. दुसरी द्या."

"म्हणजे यातलं गेलं?"

"गेलं."

दुसरी निवडायला साहेबांना जास्त वेळ लागला. ती आत फिरत असतानाच दुरुस्तीवाल्याची बायको चहा घेऊन आली. दुकानातला माल तीच लावायची. तिने रुमाल पाहिला, बाजूला टाकलेली फ्लॉपी पाहिली, साहेबांचा चेहरा पाहिला.

"अहो, खालच्या खणात बघितलंत का?"

"बघितलं. काही नाही तिथे."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तोही नजर न हलवता तिच्याकडे बघत राहिला. कप ठेवून ती आत गेली.

"हीसुद्धा नाही," तो साहेबांना म्हणाला.

तिसरी देताना साहेबांच्या हातून फ्लॉपी खाली पडली. ती त्यांनीच वाकून उचलली, शर्टाला पुसली आणि पुढे केली. तीही गेली, तेव्हा ते उठून उभे राहिले.

"बस. दोनच राहिल्यात. मशीन नको मला. या दोन तशाच जवळ ठेवीन."

"थांबा साहेब, पहिलीच पुन्हा एकदा घालून बघतो."

त्याने ड्राइव्ह पुन्हा पेटीला जोडला आणि पहिली फ्लॉपी आत सरकवली. पडदा उजळला, मशीन सुरू झालं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! मला माहीत होतं, तूच करणार."

चौथ्या फ्लॉपीत कंपनीच्या सुट्या भागांची यादी निघाली. पडद्यावर स्क्रू, पट्टे, फ्यूज. साहेबांनी ती शेवटपर्यंत सरकवून पाहिली. मग पाचवी घातली. तिच्यात काहीच नव्हतं. ती कधी वापरलीच गेली नव्हती.

"कोरी आहे ही," साहेब हळूच म्हणाले. "कोरी एक होतीच की. आणि मी मूर्ख, बरोबर तिच्या आठवणींच्याच तिन्ही काढून दिल्या तुला."

दुरुस्तीवाल्याला आता गोड वाटायला हवं होतं, पण तोंडाला चवच नव्हती.

"तू कशाला तोंड पाडतोस?" साहेब म्हणाले. "निवडल्या मी. माझंच नशीब फुटकं."

पेटी पिशवीत घालून ते गेले. बायको बाहेर आली तेव्हा तो टेबल पुसत होता.

"दहाच्या दहा आहेत खणात," ती म्हणाली. "मी मोजल्या."

"मला ठाऊक आहे."

"काय होतं त्या तिन्हींत?"

त्याने सांगितलं. "माझ्या वडिलांनी ते नाव घेतलं होतं तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते," ती म्हणाली. "आज वाटतं, उगाच." आणि दिवसभर ती दुकानात फिरकली नाही.

आठवड्याने साहेब पुन्हा आले. पेटी टेबलावर ठेवून त्यांनी स्वतःच सुरू केली.

"म्हटलं, आठवेल तेवढं परत लिहावं. घरी एकट्याला सुचत नाही. तुझ्याकडे बसलो तर चालेल?"

तो नाही म्हणू शकला नाही. साहेब दोन बोटांनी टाइप करू लागले. तासाभरात चार ओळी झाल्या. मग बोटं थांबली.

"तिच्या माहेरी मागच्या अंगणात विहीर होती," ते म्हणाले. "का हौद होता रे? त्यात ती एकदा पडली होती. विहिरीत पडली असती तर वाचली कशी असती?" त्यांनी त्याच्याकडे आशेने पाहिलं. "मी मागे कधी सांगितलं होतं का तुला? काय होतं?"

दुरुस्तीवाल्याच्या हातात कुणाचा तरी ड्राइव्ह उघडा होता. साहेबांनी त्याला यातलं कधीच काही सांगितलं नव्हतं. त्याने मान वर केली नाही.

"हौद," तो म्हणाला.

"हां, हौदच," साहेब म्हणाले, आणि एकेक अक्षर शोधत त्यांनी ते टाइप केलं.