टाकीच्या वहीतली सही

कोसमपेठच्या नगरपालिकेने करदाता संघाचे सहा अर्ज घेतले आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. सातवा अर्ज घेऊन १९८६ च्या ऑक्टोबरात लोक स्वतःच कचेरीत गेले. भादव्यात बुद्धविहारामागच्या दोन गल्ल्यांत एकवीस माणसं काविळीने आडवी झाली होती आणि वच्छला मेश्रामची नऊ वर्षांची पोर दगावली होती. डॉक्टर म्हणाले, हे पाण्यातूनच आलं. नगरपालिकेचं म्हणणं, जमिनीतली टाकी दर तीन महिन्यांनी साफ होते, तशी वहीत नोंद आहे. मग ती वही दाखवा, एवढंच संघाचं मागणं होतं.

संघ म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी भरणारी साठ-सत्तर घरं. अध्यक्ष बापूराव, जंगलखात्यातून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे आणि अधू नजरेचे. सचिव इंदुताई निमगडे. त्या घरी शिवणकाम करायच्या, नवरा घुग्घुसच्या खाणीत पाळीवर जायचा. मॅट्रिक झालेल्या, अक्षर वळणदार, म्हणून सचिवपद त्यांच्याकडे आलं. सहाही अर्ज त्यांनीच लिहिले होते. कायद्याचं कलम शोधायला त्या दोनदा राजुऱ्याला जाऊन आल्या होत्या.

मुख्याधिकाऱ्यांनी बराच वेळ लोकांना उभं ठेवलं आणि शेवटी वही टेबलावर ठेवली. बापूरावांनी ती न उघडताच इंदुताईंकडे सरकवली. "तुमी वाचा बाई, सगळ्याईले आयकू जाऊ द्या."

इंदुताईंनी वाचायला सुरुवात केली. जानेवारीच्या पानावर टाकी उपसल्याची तारीख होती, मजुरांची नावं होती, आणि खाली एक टंकलेला कागद चिकटवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, की टाकी आमच्यासमक्ष उपसून, घासून, पावडर टाकून स्वच्छ करण्यात आली, नागरिकांची तक्रार नाही. त्यांनी ते ठणठणीत आवाजात वाचलं. मग त्यांची नजर खालच्या सहीवर गेली आणि त्यांनी वही जवळ ओढली.

सही त्यांची होती. कोणी गिरवलेली नव्हती, त्यांचीच होती. 'निमगडे'तल्या ग ला त्या द्यायच्या तो झोकसुद्धा तसाच. खाली 'सचिव, करदाता संघ' असा जांभळा शिक्का. त्यांनी पान उलटलं. एप्रिलला तीच सही. जुलैला तीच.

मग आठवलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्चमध्ये, गल्लीतले नळ चार दिवस कोरडे होते. त्यांनी तक्रार केली आणि नळ सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पाणीखात्यातला पत्रू कागद घेऊन दारात आला. त्यांच्याच गल्लीत वाढलेला, ताई म्हणणारा माणूस. म्हणाला, तक्रार मिटल्याचे कागद आहेत, साहेबाला चार प्रती लागतात, सचिव म्हणून सही करा. तोवर नगरपालिकेने त्यांना सचिव म्हणून कधी मोजलंच नव्हतं. मशीनवर ब्लाउज तसाच टाकून त्या उठल्या होत्या. शिक्का चंद्रपूरहून नुकताच करून आणला होता. चारही कागदांवर त्यांनी तो नीट, सरळ उमटवला होता. कागद वाचले नव्हते. जानेवारीचा एक मागच्या तारखेचा आणि बाकीचे पुढच्या तारखांचे, चौथा या ऑक्टोबरसाठी राखलेला, हे त्यांना आज कळत होतं.

मुख्याधिकारी त्यांच्याकडेच पाहत होते. आवाज उतरवून ते म्हणाले, "बाई, राहू द्या आता. वही पाहून झाली ना? चहा मागवतो."

इंदुताईंच्या मनात आलं, वही मिटावी. बापूरावांना बारीक अक्षर दिसत नाही, बाकी कोणी टेबलाजवळ नाही. मिटली तर कोणाला कळणार नव्हतं. पण दाराशी वच्छला उभी होती. पोर गेल्यापासून ती नीट जेवली नव्हती. पदराचं टोक मुठीत धरून ती एकटक त्यांच्याकडे बघत होती.

"खाली सही आहे," इंदुताई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "इंदू निमगडे. सही माहीच हाये."

बापूरावांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. वच्छला टेबलापर्यंत आली.

"तुमी टाकी पाह्यली होती का, बाई?"

"नाई."

"मंग सही काऊन केली?"

"पत्रूनं मानानं मागितली," इंदुताई म्हणाल्या, "म्हणून केली. वाचलं नाई."

वच्छलेने त्यांच्यावर हात उगारला असता तर बरं वाटलं असतं. ती तशीच मागे सरकून भिंतीला टेकली.

इंदुताईंनी टेबलावरचा पेन उचलला आणि साहेब अडवायच्या आत तिन्ही पानांवर लिहिलं: मी टाकी पाहिलेली नाही, ही सही न वाचता केली आहे. खाली तारीख घातली. मग म्हणाल्या, आता या वहीत टाकी साफ झाल्याचा एकही साक्षीदार उरला नाही, तेव्हा टाकी आत्ताच उघडा.

लोक निघाले ते थेट टाकीवरच गेले. झाकण इतकं गंजलं होतं की लोखंडी सब्बल लावून तिघांना ते उचकटावं लागलं. आत अंधार होता. बापूरावांनी शेजारच्या सलूनमधून आरसा आणवला आणि ऊन आत पाडलं. आधी नुसता गाळ दिसला. मग उजेड भिंतीवर सरकला. सांडपाण्याच्या नालीच्या बाजूची भिंत तडकली होती आणि त्या भेगेतून काळं पाणी बारीक धारेने आत उतरत होतं. भिंतीवर त्याचा हातभर रुंद पट्टा उमटला होता, कित्येक महिन्यांचा. बायांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारा मटकन खालीच बसला; सकाळीच त्याने घरचा माठ भरून ठेवला होता. मुख्याधिकाऱ्यांनी आत वाकून पाहिलं आणि बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

त्याच दिवशी पाणी बंद झालं, टँकर आले, महिन्याभरात भिंत नवी बांधली गेली. पत्रू निलंबित झाला, साहेबांची दूर सिरोंच्याला बदली झाली. इंदुताईंनी सचिवपद सोडलं. बापूरावांनी नको म्हटलं, पण त्या बधल्या नाहीत. दर तीन महिन्यांनी मात्र संघाची दोन माणसं टाकीत उतरू लागली. पहिल्या खेपेला वच्छला उतरली.

पत्रूवरचा खटला राजुऱ्याच्या कोर्टात दोन वर्षं चालला. पत्रूच्या वकिलाने इंदुताईंना तीनदा विचारलं, सही तुमचीच ना. तीनदा त्या हो म्हणाल्या. खरी दोषी तर ही बाई आहे, असं तो म्हणाला, तेव्हा त्यांनी मान खाली घातली नाही.

साक्ष देऊन येताना एसटी खच्चून भरली होती. साक्ष ऐकायला आलेली वच्छला खिडकीशी बसली होती. दोन वर्षांत ती इंदुताईंशी एक शब्द बोलली नव्हती. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि जरा सरकून जागा केली. इंदुताई बसल्या. कोसमपेठ आलं तेव्हा इंदुताईंनी उठून तिला वाट दिली. वच्छला आधी उतरली आणि मागे न बघता गल्लीकडे चालू लागली.