गुलालानंतर

१९७२ च्या निवडणुकीत बनुबाईचा उमेदवार दणकून हरला. निकालाच्या दिवशीच गुलालानं माखलेली मिरवणूक पाथर्डीजवळच्या तिच्या वस्तीवर आली. "लई प्रचार करीत हुतीस ना?" म्हणत मिरवणुकीतल्या छगननं तिला केसांना धरून अंगणात ओढलं आणि काठीनं तिचा हात मोडला. शेजारची दारं बंदच राहिली. आता या गावासाठी तोंड उघडायचं नाही, असं तिनं पडल्या पडल्या ठरवलं.

दुसऱ्या दिवशी छगनचीच बायको गोजरबाई हळद घेऊन आली. तिचा ओठ फाटला होता.

"तुलाबी मारलं?"

"तुमच्या मानसावर शिक्का मारला, म्हनून."

"भ्याली न्हाईस?"

"भ्याले की. पर मत माझं हुतं."

बनुबाई उठून बसली.

पुढे दुष्काळी कामावर मुकादमानं पाणी प्यायला थांबलेल्या म्हातारीला लाथ घातली. बनुबाई आणि गोजरबाई मध्ये पडल्या. मुकादमाची काठी बनुबाईच्या कपाळावर बसली, रक्त डोळ्यांत उतरलं. तेवढ्यात खडी फोडणाऱ्या बायका हातोडे घेऊन भोवती जमल्या.

"माफी माग म्हातारीची," बनुबाई म्हणाली.

त्यानं मागितली. त्याच दुपारी सडकेवर बायकांची पहिली सभा भरली.