जास्तीची तार

यादी कुणाची भीडभाड ठेवत नाही, हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. दवाखान्याच्या खाटा बनवणाऱ्या त्या कारखान्यात बीओएम तिच्या ताब्यात होतं. एका खाटेला काय लागतं, किती लागतं आणि ते कोण देतं, याची ती यादी. बोल्ट एकशे बारा, चाकं चार, बाजूच्या कठड्यांना स्प्रिंगा चार. एका स्प्रिंगला चाळीस सेंटिमीटर तार. तार कारखाना पुरवायचा आणि स्प्रिंगा वळून द्यायचे तिचे बाबा, घरामागच्या शेडमध्ये, एकट्याने, गेली छत्तीस वर्षं.

सोमवारी खरेदीच्या साहेबांनी तिच्यापुढे कागद सरकवला. शंभर स्प्रिंगांना चाळीस मीटर तार पुरायची, ती वर्षभरात वाढत वाढत सत्तरवर गेली होती.

"तारेचे भाव गगनाला भिडलेत आणि इथे कुठेतरी पाणी मुरतंय," साहेब म्हणाले. "तुमचे वडील म्हणून आधी तुम्हाला विचारतोय. तार बाहेर विकली जात असेल, तर शुक्रवारी त्यांचं काम बंद. आणि कारण मला लिहावं लागेल."

तिला शरम वाटली, कारण हा फरक तिला चार महिन्यांपूर्वीच दिसला होता आणि तिने डोळेझाक केली होती. एका वॉशरसाठी रान उठवणारी बाई ती! घरी तर बाबांचं सगळं नेहमीसारखं होतं. चहा तेवढा अर्धाच कप मागायचे, आणि शेडमध्ये कुणाला पाऊल टाकू देत नसत.

संध्याकाळी ती विचारायला थांबलीच नाही, थेट आत शिरली. कोपऱ्यातल्या पिंपावरचं गोणपाट तिने उचललं. पिंप स्प्रिंगांनी गच्च भरलं होतं. कुठली सैल, कुठली तिरकी.

"बाबा, हे काय?"

"वाया गेलेला माल." बाबांनी हात पाठीमागे घेतले. "पंधरा वळल्या की आठ-नऊ धड निघतात. तुमच्याकडे वाईट एकही पाठवली नाही हो मी. आजारी माणूस कठड्याला धरून उठतो. कठडा सुटून कसं चालेल?"

"मग सांगायचं होतंत! तिकडे तुम्हाला चोर ठरवायला निघालेत."

"ठरवू देत. हात गेले, असं मात्र लिहू नकोस."

"आणि मी तिथे चोराची लेक म्हणून बसू?"

बाबांनी गोणपाट पुन्हा पिंपावर ओढलं.

शुक्रवारी ते स्वतःच टेम्पोतून पिंप घेऊन कारखान्यात आले. स्टोअरकीपरने ते काट्यावर चढवलं. दिलेल्या चांगल्या स्प्रिंगा आणि या वाया गेलेल्या मिळून तारेचं वजन बरोबर जमलं. साहेब ओशाळले.

"काका, आधी बोलायचंत हो."

बाबांनी दोन्ही हात पुढे धरले. ते थरथरत होते आणि सगळ्यांना दिसत होतं. मग ते लेकीकडे वळले. "यादीतलं माझं नाव तूच खोड. कारणही खरं लिही."

तिने खोडलं आणि कारण लिहिलं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तरी लिहिलं.

घरी येऊन तिने चहा टाकला आणि सवयीने बाबांचा कप अर्धाच भरला.

"आज पूर्ण भर," बाबा म्हणाले. "सांडला तर सांडला."